वरचे दोन किलो

शहागंजातल्या रामकिसन शेठच्या किराणा दुकानात मी नोकरीच्या काळात नऊ वेळा अचानक तपासणीला गेलो आणि नऊ वेळा हात हलवत बाहेर आलो. वजनमापं खात्यात मी एकतीस वर्षं निरीक्षक होतो. पारड्याखाली चिकटवलेली चिंच मी पाहिली, आतून पोखरलेली मापं पाहिली, काट्यावर करंगळी टेकवून गिऱ्हाइकाशी देवाधर्माच्या गोष्टी करणारे सज्जन पाहिले. रामकिसनकडं यातलं काही सापडायचं नाही. त्याचा माल उलट जास्त भरायचा. किलोभर साखर तोलून झाली, काटा थांबला, की त्याचा उजवा हात आपसूक पोत्यात जायचा आणि एक मूठ वर पडायची. "झुकतं माप, साहेब," तो म्हणायचा, "आमच्या आज्यापासनंची रीत हाय." मी 'दोष नाही' असं लिहून निघायचो. कमी भरलं तर गुन्हा आणि जास्त भरलं तर दानत, इतकं ते सोपं होतं.

हे आधी सांगून ठेवलं, कारण पुढं जे घडलं त्यात त्याचा दोष किती आणि माझा किती, हे ठरवायला ते लागेल.

माझी मुलगी करुणा पाच वर्षं मालवणकडं होती. पर्यटकांच्या पाठीवर सिलिंडर बांधायचं, त्यांना समुद्राखाली न्यायचं, मासे दाखवायचे आणि धड वर आणायचं, हे तिचं काम. गेल्या वर्षी माझ्या छातीत दोन स्टेंट बसले, तशी ती गाशा गुंडाळून घरी आली. "थोडे दिवस आहे," म्हणाली. मी "बरं" म्हणालो. तिनं कायमचं राहावं असं मला वाटत होतं, पण असलं काही तोंडानं सांगायची आमच्या घरात पद्धत नाही. मग तिनंच वाट काढली. आमच्या शहराच्या कडेला, सातारा परिसरात, एका शाळेचा पोहण्याचा तलाव आहे, एका टोकाला चौदा फूट खोल. तो रविवारी सकाळी मिळाला. तिथं स्कूबा शिकवायचं आणि तयार झालेल्यांना समुद्रावर न्यायचं, असा बेत.

माझे साडू घरी येऊन म्हणाले, "साहेबराव, इथं आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, आणि पोरगी पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवणार. येणार कोण?"

सहा जण आले. अडचण वेगळीच होती. करुणाला स्वतंत्रपणे शिकवायला परीक्षकाची सही लागत होती. इंद्रजीत नावाचे परीक्षक एक मार्चला मालवणहून येणार आणि सहाही जणांना पाण्यात पाहणार होते. परीक्षा मुलांची, निकाल तिचा. सही मिळाली तर तलाव पुढं वर्षभर तिचा. नाही मिळाली तर एप्रिलअखेर शाळा तो दुसऱ्या कुणाला देणार आणि करुणा कोकणात परत. माझ्या दृष्टीनं त्या सहीचा अर्थ एवढाच होता की मुलगी घरात राहते की जाते.

म्हणून मी काठावर खुर्ची टाकून रजिस्टर घेऊन बसलो. बसल्या बसल्या माणसं मोजायची सवय जुनी.

या विद्येत सगळं वजनावर आहे, हे कळल्यावर मी सुखावलो होतो. रबरी सूट घातला की माणूस बुचासारखा तरंगतो, म्हणून कमरेच्या पट्ट्यात शिशाचे ठोकळे ओवायचे. अंगात जॅकेट असतं, त्यात बटण दाबून हवा भरता येते, सोडता येते. शिसं बरोबर असेल तर माणूस पाण्यात मधोमध थांबतो, वर नाही की खाली नाही. श्वास घेतला की बोटभर वर, सोडला की बोटभर खाली. शिवाय सिलिंडरमधल्या हवेलाही वजन असतं. मी भरलेलं आणि रिकामं सिलिंडर तोलून पाहिलं, फरक दोन किलोंच्या वर निघाला. म्हणजे उतरताना माणूस जड असतो आणि हवा संपत येते तसा हलका होतो. तेही हिशेबात धरावं लागतं.

चार जानेवारीला पहिला वर्ग झाला. प्रत्येकानं अर्जात आपलं वजन लिहिलं होतं आणि सहापैकी चौघांनी खोटं लिहिलं होतं. अभय नावाचे दातांचे डॉक्टर होते सिडकोतले, त्यांनी अठ्ठ्याहत्तर लिहिलं होतं. मी घरून काटा आणला होता. त्यावर एक्याण्णव भरले.

"नाश्ता झालाय, काका," अभय म्हणाले.

"तेरा किलोचा?"

त्या दिवशी शिसं अंदाजानं दिलं होतं. सगळ्यात हलकी होती तनुजा, बावीस वर्षांची, रामकिसन शेठचीच मुलगी. तिला काही केल्या खाली जाता येईना. पाय वर, डोकं खाली, पुन्हा बुचासारखी वर. बाकीचे हसले. काठावर बसलेले शेठ हसले नाहीत. आपल्या पोरीचा माल हलका ठरला, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पंचवीस वर्षांनी भेटत होतो आम्ही. "साहेब, तुमच्या पोरीला सांगा, माझ्या पोरीला नीट वजन द्या म्हणावं," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या रविवारी, अकराला, करुणानं एकेकाचं वजन पक्कं केलं. जॅकेट रिकामं करून, छातीत अर्धा श्वास धरून उभं तरंगायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं आणि श्वास सोडल्यावर माणूस हळूच खाली गेला, की शिसं बरोबर. एकेक ठोकळा कमी-जास्त करत दीड तास लागला. शेवटी मी लिहिलं: अभय पाच, तनुजा दोन, बाकी चौघं तीन-तीन. एकूण एकोणीस. ठोकळा एक किलोचा, पेटीत एकंदर चाळीस. करुणा म्हणाली, "आता हे आकडे बदलायचे नाहीत." मी आकड्यांखाली दोन रेघा मारल्या.

शेठना नुसतं बसवत नव्हतं. चाळीस वर्षं गल्ल्यामागं उभ्या राहिलेल्या माणसाला रिकामे हात म्हणजे शिक्षा. अठरा तारखेला ते आपण होऊन पेटीपाशी गेले. मी आकडा वाचायचा, त्यांनी पट्टा ओवून द्यायचा. जॅकेटं सिलिंडरला बांधून ओळीनं मांडून ठेवायचं कामही त्यांनी शिकून घेतलं. वर्ग सुटला की ठोकळे पुसून पेटीत. सकाळी मी मोजायचो, चाळीस. दुपारी मोजायचो, चाळीस. असा मदतनीस मला नोकरीत मिळाला असता तर मी बढती घेऊन निवृत्त झालो असतो.

आणि त्याच दिवसापासून सगळं बिघडलं.

परीक्षेतली मुख्य गोष्ट होती सात फूट खोलीवर, अधांतरी मांडी घालून, हात बांधून, एक मिनिट स्थिर राहणं. एकालाही जमेना. दगडासारखे तळाला जायचे. मग घाबरून जॅकेटमध्ये भसाभस हवा भरायचे. वर यायला लागले की ती हवा फुगत जाते, तसा वेग वाढतो, आणि माणूस बाटलीचं टोपण उडावं तसा पाण्याबाहेर. हे नुसतं हसण्यावारी न्यायचं नसतं. वर येताना कुणी घाबरून श्वास रोखला तर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटतं, त्याला चौदा फूटही पुरतात. करुणा तेच ओरडून सांगायची, "श्वास रोखायचा नाही. कधीच नाही." ते मान डोलवायचे आणि पुन्हा खाली-वर, विहिरीतल्या पोहऱ्यासारखे.

रजिस्टरातला हवेचा रकाना तर बघवत नव्हता. प्रत्येकाचं सिलिंडर दोनशेच्या आकड्यावर भरलेलं असायचं. अकरा तारखेला पाऊण तासानंतर एकशे दहा उरले होते. आता पंचवीस मिनिटांतच साठ उरायचे.

"अभय, तुम्ही खालीच का बसता जाऊन?"

"मॅडम, मी बसत नाही. बसवला जातो."

"तनुजा, पाय कशाला मारतेस एवढे?"

"नाही मारले तर मी जातेच खाली, ताई. मला आपली मीच उचलून धरल्यासारखं वाटतं."

पोरीनं सगळं उत्तर एका वाक्यात देऊन टाकलं होतं. ऐकणारे आम्ही दोघं, एक पाच वर्षं समुद्रात काढलेली आणि एक एकतीस वर्षं वजनं तपासलेला. दोघांनीही ऐकलं नाही.

परतीच्या वाटेवर करुणा स्कूटर चालवायची आणि मी मागं. सातारा परिसरापासून उस्मानपुऱ्यातल्या घरापर्यंत एक शब्द नाही. घरी आल्यावर हेल्मेट टेबलावर आदळायचं. तिनं शिकवण्याची पद्धत बदलून पाहिली, श्वासाचे व्यायाम दिले, एकेकाला अर्धा तास आधी बोलावलं. एक फेब्रुवारी, आठ फेब्रुवारी, तेच.

"मला शिकवताच येत नाही, पप्पा," ती एकदा पोळ्या लाटताना म्हणाली. "मालवणला माणसाला मी हाताला धरून न्यायचे. तो तरंगला काय, बुडाला काय, माझ्या हातात असायचा. सोडून दिल्यावर काय होतं ते आता दिसतंय."

"आकडे बघ," मी म्हणालो, "अकरा तारखेला सगळे बरोबर होते."

"मग आकडेच उतरवा पाण्यात."

पोळी करपली. मी तीच खाल्ली.

पंधरा फेब्रुवारीला महाशिवरात्र आली, रविवारीच. शेठ दरवर्षी वेरूळला घृष्णेश्वराच्या रांगेत फराळ वाटतात, ते तिकडं गेले. तनुजा एकटीच आली. पट्टे मी ओवले, जॅकेटं करुणानं बांधली. आणि त्या दिवशी सहाच्या सहा जण सात फुटांवर मांडी घालून बसले, जणू पाण्यात कुणी सतरंजी अंथरलीय. अभय तर दीड मिनिट. बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, आज मला कुणी बसवलं नाही." हवा उरली एकशे पाच. करुणा महिन्याभरात पहिल्यांदा हसली. येताना गुलमंडीवरनं जिलेबी घेतली, माझ्या डॉक्टरांनी नको सांगितलेली.

मी रजिस्टरात लिहिलं: 'सर्व उत्तम. रा. गैरहजर.' दोन्ही गोष्टी एका ओळीत, माझ्याच अक्षरात. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

बावीसला शेठ वेरूळचा प्रसाद घेऊन हजर, आणि पुन्हा पोहरे खाली-वर. करुणा त्या दिवशी नुसती पायरीवर बसून राहिली. मला तेच जास्त लागलं.

एक मार्चला इंद्रजीत आले. सडपातळ, उन्हानं काळवंडलेले, बोलायला भलतेच काटकसरी. चहा नको म्हणाले. माझं रजिस्टर उभ्या उभ्या चाळलं आणि "नोंदी चांगल्या ठेवल्यात" म्हणाले. मी खूश झालो.

पहिली परीक्षा होती शिसं टाकायची. कधी जॅकेट फाटलं, हवा धरेना, तर कमरेचं बकल एका हातानं उघडायचं, पट्टा पडू द्यायचा आणि वर राहायचं. स्कूबातला शेवटचा उपाय हाच. तनुजाला आधी बोलावलं. तिनं खोल टोकाला पाण्यावर तरंगत, श्वास घ्यायची नळी तोंडातनं काढून, 'तयार' म्हणून हात वर केला. जॅकेटमधली हवा सोडली. उजव्या हातानं बकल उघडलं. पट्टा सुटला, दोन किलो शिसं सरळ तळाला गेलं.

आणि त्यामागोमाग तनुजा.

तिनं एकदा पाय मारून तोंड वर काढलं, हवेऐवजी पाणी घेतलं आणि पुन्हा खाली गेली. हातानं नळी शोधत होती, ती खांद्यामागं गेली होती. करुणा सूर मारून आत शिरली, सिलिंडरची मान धरली, दुसऱ्या हातानं जॅकेटचं बटण दाबलं. दोघी वर आल्या तेव्हा तनुजाचे ओठ निळसर झाले होते. काठावर पालथी पडून ती खोकत राहिली. शेठ तिच्यापाशी धावले, तिची पाठ चोळायला लागले. त्यांच्या एका हातात पुसायचा फडका तसाच होता.

इंद्रजीत उठले नाहीत. ती नीट बोलायला लागेपर्यंत थांबले. मग माझ्याकडं वळले.

"नोंदीत किती?"

"दोन."

"टाकले किती?"

"दोन."

"एवढी बारीक मुलगी. दोन टाकल्यावर श्वास भरून ती वर राहायला पाहिजे. ती अंगात काहीतरी घेऊन गेली खाली."

मी पेटीकडं गेलो. एकतीस वर्षांत दुकान उघडताना आणि बंद करताना माल मोजणारे मी शेकड्यानं पाहिले, आणि चोरी मधल्या वेळात होते हे नव्या पोरांना मीच शिकवायचो. सात रविवार मी सकाळी चाळीस आणि दुपारी चाळीस मोजत होतो. मधे कधी पेटीत डोकावलो नव्हतो. एकोणीस दिल्यावर एकवीस उरायला हवेत. मी मोजले. नऊ होते. खाली बसून पुन्हा मोजले. नऊच.

"शेठ," मी म्हणालो, "पेटीत नऊच आहेत."

"असतील."

"एकवीस पाहिजेत."

"व्हय, मग? बाकीचे पोरांकडं हायेत की. येतील परत. आजपर्यंत एक तरी हरवलाय का?"

करुणा तोवर तनुजाच्या जॅकेटपाशी गेली होती. सिलिंडर ज्या पट्ट्यानं बांधतात, त्याला मागच्या बाजूला दोन छोटे कप्पे असतात. तिच्या वर्गाला ते लागत नव्हते, म्हणून कुणी तिकडं बघत नव्हतं. तिनं एकातनं एक ठोकळा काढला, दुसऱ्यातनं दुसरा. मग अभयच्या मागचे दोन. मग पुढचे. बारा ठोकळे तिनं ओल्या फरशीवर ओळीनं मांडले. मांडताना एकाचाही आवाज होऊ दिला नाही.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"सांगायचं काय त्यात, ताई," शेठ म्हणाले. त्यांच्या आवाजात ना भीती ना लाज, उलट थोडा अभिमान. "ही पहिल्या दिशी वर तरंगत होती, सगळे दात काढत होते. म्हणलं, जरा झुकतं असू द्यावं. दोन्ही बाजूंना एकेक, पारडी सारखी."

"तनुजाचं एक वेळ समजलं. बाकीच्यांना?"

"एकाला द्यायचं नि दुसऱ्याला नाय, असं दुकानात चालतं व्हय?"

"मला सांगितलं का नाही, शेठ?" मी विचारलं. "मी दर रविवारी आकडा लिहीत होतो."

ते माझ्याकडं असे बघायला लागले, की मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय. "साहेब, तुमी नऊ येळा माझं दुकान तपासलं. वरचं कधी मोजलं का? वरचं कुणी मोजत असतं का?"

यावर करुणा बोलली, पण शेठशी नाही, माझ्याशी.

"पप्पा, मग तुम्ही इतके दिवस काय मोजत होतात?"

इंद्रजीतांनी बाकीच्या पाच जणांना पुन्हा पाण्यात घातलं, रजिस्टरातल्या वजनावर. पाचही जण सात फुटांवर मांडी घालून स्थिर बसले. तनुजा घोंगडीसारखा टॉवेल पांघरून काठावरनं बघत होती, मग म्हणाली, "मी पण." करुणा नको म्हणत होती. तनुजा गेलीच. एक मिनिट आणि वर काही क्षण, पापणीसुद्धा हलली नसेल. मला वाटलं झालं, आता सही. इंद्रजीतांनी पेनाला टोपण लावलं.

"शिकवलंय छान," ते करुणाला म्हणाले. "पोरं तयार आहेत. पण पाण्यात जाणाऱ्या माणसाची पाठ तू हातानं चाचपली नाहीस. सहा आठवडे. समुद्रात असती तर तिला शोधायला मला यावं लागलं असतं."

"सर, मागचे कप्पे आम्ही वापरतच नाही."

"म्हणून तर तिथं होतं."

मी मधे पडायला गेलो, "चूक माझी आहे, रजिस्टर माझं," असं काहीसं बोललो. ते ऐकून घेऊन म्हणाले, "काका, पाण्यात रजिस्टर जात नाही." बारा एप्रिलची तारीख दिली आणि स्टेशनला जायला रिक्षा मागवली. शाळेची मुदत एप्रिलअखेर. म्हणजे आणखी एक संधी, आणि ती चुकली तर दुसरी नाही.

त्या आठवड्यात घरात भांड्यांचेच आवाज होते. करुणानं मालवणला फोन करून जुनी जागा रिकामी आहे का, हे विचारलेलं मी भिंतीपलीकडनं ऐकलं. 'आहे' असं उत्तर आलं असावं, कारण ती "बघते" म्हणाली.

मला वाटलं आता शेठ येणार नाहीत. तनुजानं त्यांना सरळ सांगितलं होतं, "अण्णा, तुम्ही आलात तर मी नाही जाणार." पण आठ मार्चला दोघंही आले. शेठ लांब पायरीवर बसले, हात मांड्यांखाली दाबून, जसे काही ते सुटून पेटीकडं पळतील.

करुणा त्यांच्याकडं गेली. "शेठ, पोहता येतं?"

"लहानपणी खुलताबादला मामाच्या विहिरीत पोहायचो."

"मग चला."

तिनं त्यांना रबरी सूट घातला. त्यात शेठचं पोट मावायला आणि आम्हाला हसू आवरायला बराच वेळ गेला. उथळ टोकाला, छातीभर पाण्यात, तिनं त्यांचं शिसं डोळ्यांच्या रेषेपर्यंत बरोबर लावून दिलं. शेठ नळी तोंडात धरून पाण्याखाली मधोमध थांबले. डोळे मोठे झाले, हात दोन्ही बाजूंना पसरले. एक मिनिटभर तो भला दांडगा माणूस कशावरही न टेकता नुसता होता. मग करुणानं, त्यांना दिसेल असे, दोन ठोकळे त्यांच्या मागच्या कप्प्यांत सारले. शेठ तळाला टेकले. हात मारले, पाय मारले, वर आले, पुन्हा टेकले. तिसऱ्या वेळेला ते पाण्यात उभेच राहिले आणि नळी काढली. बराच वेळ दम लागला होता.

चाळीस वर्षं पोती उचललेला माणूस मला म्हणाला, "साहेब, दोन किलो लई असतं हो."

अभय म्हणाले, "मला विचारा शेठ, मी महिना काढलाय त्यावर."

त्यानंतर करुणानं सगळ्यांचं वजन पहिल्यापासून पुन्हा केलं. वर्ग उतरण्याआधी एकेकाला वळवून उभं केलं, खांद्यापासून कमरेपर्यंत, सिलिंडरच्या मागं, कप्प्यांत, सगळीकडं हात फिरवला. मग जोडीदारानं जोडीदाराची पाठ चाचपायची. पट्टे शेठनीच ओवले. करुणाच म्हणाली होती, ओवू द्या त्यांना. तनुजाचा पट्टा देताना मी त्यांच्या उजव्या हाताकडं बघत होतो. तो पेटीकडं गेला, पेटीच्या काठावर थांबला, तिथं जरा वेळ राहिला आणि रिकामा परत आला. शेठ कपाळ पुसायला लागले. सकाळचे आठ वाजले होते, गारठा होता.

ते सगळे पाण्याखाली असताना मी खुर्चीवरनं उठलो आणि पेटीतले ठोकळे मोजले. एकवीस. रजिस्टरात नवा रकाना आखला: 'मधली शिल्लक'. त्यात एकवीस लिहिलं आणि शेजारी शेठची सही घेतली. त्यांनी ती फार जपून केली.

परत येताना उस्मानपुऱ्याच्या अलीकडं, सिग्नलला, करुणा बोलली. स्कूटरवर ती शेवटचं बोलली त्याला दीड महिना झाला होता.

"बारा एप्रिलला शेठना कुठंतरी पाठवायचं का, पप्पा?"

मी त्याचा आधीच विचार करून ठेवला होता. "वेरूळला पाठवता येईल. काहीतरी निमित्त काढतो मी."

सिग्नल सुटला. तिनं लगेच गाडी पुढं घेतली नाही, मागच्यानं हॉर्न वाजवला.

"नको," ती म्हणाली. "ते असतानाच मोजू. ते नसताना तर कुणालाही जमतं." पुढच्या वळणावर म्हणाली, "तलावाचं भाडं भरायला शाळेत तुम्ही जाणारच आहात ना उद्या? मे महिन्याचे रविवार कुणाला दिलेत का, तेवढं विचारून या."

मी "बरं" म्हणालो.